भामाची चूल, दहा ते पाच

पोतनीसांच्या संग्रहालयात शिरलं की उजव्या हाताला काचेच्या पेल्यात त्यांची कवळी ठेवलेली आहे. वरचीच. खालची सापडली नाही. पेल्यातलं पाणी दर सोमवारी बदलायचं असं ठरलं होतं. ते कोणी बदलत नसे आणि त्यावर पातळ साय धरत असे. शेजारी दाढीचा साबण, साबणाला चिकटलेला एक पांढरा केस. पेल्याखाली पाटी आहे : ‘वास्तुविशारद कै. मोरेश्वर त्र्यंबक पोतनीस यांचे नित्य वापरातील दंतपट्ट’. अक्षर माझं. ‘दंतपट्ट’ हा शब्दही माझाच, आणि तो आठवला की मला अजून चूळ भरावीशी वाटते.

मी तेव्हा पनवेलला शाळेत मराठी शिकवत असे. पूर्वी कविता लिहीत असल्यामुळे गावात कुठं पाटी लिहायची असली, मानपत्र लिहायचं असलं की लोक माझ्याकडं येत. साठ सालच्या दिवाळीत पोतनीसांचा पुतण्या यादी घेऊन आला. तळ्याकाठच्या त्यांच्या बंगल्याचं संग्रहालय होणार होतं. मी घरी बसून यादीवरून अठ्ठेचाळीस पाट्या लिहिल्या. वस्तू एकही पाहिली नाही. सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं तेव्हा भाषणं ऐकली, पेढा घेतला आणि कवळीपर्यंत जाऊन परत फिरलो. त्यामुळं एकोणतिसावी पाटी भामाची आहे हे मला ठाऊक नव्हतं.

भामा करंजाड्याची. मिठागरावर राबणारी. दर बुधवारी सकाळी ती आमच्या दाराशी मिठाची टोपली घेऊन यायची. बुटकी, रुंद खांद्यांची, बोलणं अगदी मोजकं. टोपली स्वतः उतरवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. शेर, पायली असलं काही तिच्याकडं नव्हतं. उजव्या हाताची मूठ हेच माप. किलोचा कायदा आला तेव्हा बाजारातल्या एका वाण्यानं गंमत म्हणून तिच्या दहा मुठी एकेक करून तराजूत टाकून पाहिल्या. एकीत आणि दुसरीत फरक निघाला नाही. वाणी ते सगळ्यांना सांगत सुटला. त्यात सांगण्यासारखं काय आहे ते भामाला कळलं नाही. तिला राग यायचा तो फक्त गढूळ मिठाचा. टोपलीत एखादा खडा मातकट निघाला तर तो रस्त्यावर फेकून म्हणायची, ‘ह्ये गुरांना बी नको.’

तो हात साठ सालच्या भाद्रपदात गेला. मिठागराच्या बांधाला माती लावता लावता हातावरून वारं गेलं आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हात लोंबू लागला. तोंड वाकडं झालं नाही, पायाला काही झालं नाही. सरकारी डॉक्टरनं सुया दिल्या, नेऱ्याच्या वैद्यानं तेल दिलं. हात परत आला नाही. ती टोपली घेऊन येत राहिली. आता डाव्या हातानं मूठ भरायची आणि देताना तोंड दुसरीकडं फिरवायची, कारण डावी मूठ कधी मोठी पडे, कधी लहान.

त्या हाताबद्दल तिचं स्वतःचं एक म्हणणं होतं. ते कळायला त्यांच्या आळीतली घर बांधायची रीत सांगायला हवी. भिंती, दार, पडवी हे सगळं घरधन्याच्या हातानं मोजायचं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं; आणि स्वयंपाकाची जागा घरधनिणीच्या हातानं. चुलीची उंची, वरची फळी, काड्यापेटीचा कोनाडा, सगळं तिच्या हाताला बेतलेलं. सुतार दोघांच्या मापाच्या दोन काठ्या तासून द्यायचा. घर उभं राहिलं की जिच्या मापाची चूल तिनंच ती पहिल्यांदा पेटवायची आणि भात शिजवायचा. मग काठ्या आढ्याला खोचून ठेवायच्या. माणूस मेलं की त्याची काठी त्याच्या हाताखाली ठेवून सरणावर जायची. चूल बांधून तशीच थंड राहिली, किंवा भलत्याच कुणी आधी पेटवली, तर ती जिच्या मापाची तिचा हात ओढून घेते, आणि पुढं त्या परक्या पेटवणाऱ्याचाही, असं म्हणत. असं कुणाचं झालं होतं का, म्हणून मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, अशी चूक कोणी करतच नाही, तर तसं होईल कसं.

पोतनीस अठ्ठेचाळीस साली करंजाड्याला आले. तोवर मुंबईत त्यांनी दोन बँका आणि एक सिनेमाघर बांधलं होतं आणि आता त्यांना खेड्यातली घरं पाहायची होती. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात कॅमेरा, हातात वही. आठ दिवस ते घरोघर वाकून आत जात होते, टेप लावत होते, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत होते. भामाचा नवरा बुधाजी याच्या घरात त्यांना काठ्यांची हकिगत कळली आणि ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर तसेच बसले. भामाची काठी हवी म्हणाले. साहेब आपल्या घरात जमिनीवर बसला याचंच बुधाजीला एवढं अप्रूप, की त्यानं शिडी लावून काठी काढून दिली. आळीतल्या बायांनी पुढं कित्येक महिने त्याला सोडलं नाही. विहिरीवर दिसला की कुणीतरी म्हणायचंच, ‘बुधाजी, बायकोचा हात दिलास साहेबाला, बाकीची कवा पोचवतोस?’

भामानं मात्र विचारलं होतं. काठीचं काय करणार? पोतनीस म्हणाले, माझ्या बंगल्यातलं स्वयंपाकघर या मापानं बांधीन. मग चूल कोण पेटवणार? पोतनीस हसले. ‘तूच ये पेटवायला,’ असं म्हणाले आणि त्यांनी वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

असं बोलणं आम्ही गावातली माणसं दिवसातून दहादा बोलतो. या एकदा घरी. बसू सवडीनं. भामाच्या आळीत तसं बोलत नाहीत. तिथं ये म्हटलं की माणूस येतं.

बंगला एक्कावन्न साली झाला. मुंबईच्या इंग्रजी मासिकात त्यावर लेख आला. ‘हाताचं माप’ हे पोतनीसांचं तत्त्व म्हणून गाजलं, परदेशातून माणसं येऊन त्या स्वयंपाकघराचे फोटो काढून गेली. वास्तुशांतीच्या दिवशी भामा ओच्यात तांदूळ आणि डोक्यावर बाभळीची मोळी घेऊन मागल्या दारी गेली. तिला बुंदीचे दोन लाडू दिले आणि आज गर्दी आहे, मग ये, असं सांगितलं. ती मग गेली. पुन्हा मग गेली. घरातली माणसं मागच्या खोलीत स्टोव्हवर स्वयंपाक करत, कारण चुलीच्या धुरानं त्या नावाजलेल्या भिंती काळ्या झाल्या असत्या. एकोणसाठ साली पोतनीस वारले. पुढच्या भाद्रपदात भामाचा हात गेला. तिच्या लेखी यात कोडं काही नव्हतं.

हे सगळं तिनं मला एकसष्टच्या चैत्रात, टोपली रिकामी झाल्यावर, आमच्या पायरीवर बसून सांगितलं. एवढं ती एका वेळी कधीच बोलली नव्हती. त्या बंगल्यात आता कुणालाही जाऊ देतात असं तिच्या कानावर आलं होतं, आणि मास्तरांची तिथं ओळख आहे असंही. तिला एकदा ती चूल पेटवून मूठभर भात शिजवायचा होता. मग हात सुटेल.

मी तिला समजावलं. हे वारं आहे, डोक्यातल्या रक्ताचा दोष आहे, डॉक्टरनं तपासून सांगितलंय, असं सगळं. तिनं ऐकून घेतलं.

‘डाक्टरनं माजी चूल कुटं बगितली हाय?’ ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी दुपारी आम्ही गेलो. बुधाजी आला नाही. लोक हसतील म्हणाला. भामानं धुवट लुगडं नेसलं होतं. ओच्यात तांदूळ, चार काटक्या आणि काड्यापेटी. मेलेला हात डाव्या हातात धरला होता. दारावर राखणीला कोन गावचा काशिराम होता, साहेबी मापाचा खाकी कोट घातलेला, बाह्या दोनदा दुमडलेल्या. त्यानं सवयीनं चपला काढायला सांगितलं आणि मग तिच्या पायांकडं पाहून मान खाली घातली.

आत डांबरगोळ्यांचा आणि व्हार्निशचा वास होता, आणि त्याच्या खालून न धुतलेल्या कपड्यांचा. कवळी. साबण. सपाता, आत अंगठ्याचा काळा ठसा उमटलेल्या. अर्धी ओढलेली चिरूट, तिचं चावलेलं टोक प्रेक्षकांकडं केलेलं. मधल्या खोलीत पलंग, त्यावर पोतनीस ज्या चादरीवर गेले ती चादर, तशीच, मधोमध पिवळ्या डागासकट. पाटी : ‘अंतिम विश्रांती’. तीही माझीच. यादीत नुसतं ‘पलंग’ असं लिहिलेलं होतं.

भामानं पदर नाकाला लावला. इथं कोण आजारी आहे, असं तिनं काशिरामला विचारलं. कोणी नाही, हे साहेबांचं अंथरूण, असं तो म्हणाला. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात का ठेवलंय ते तिला कळेना. त्यांच्याकडं ते त्याच दिवशी गावाबाहेर टाकून येतात. मग ती मागं वळून पुन्हा त्या पेल्याकडं पाहून आली. ‘आणि दात पन ठेवलेत,’ ती हलक्या आवाजात म्हणाली. मला वाटत होतं की मी तिला सांभाळून घेऊन चाललोय. खरं तर ती माझ्याकडं, दात जपून ठेवणाऱ्यांतलाच एक म्हणून माझ्या तोंडाकडं, जरा अंतर ठेवून पाहत होती.

पुतण्या आतून आला. पस्तिशीचा, गोरा, हातात कलोन मारलेला रुमाल. त्याच्याबरोबर मुंबईहून वास्तुकला शिकणारे दोन विद्यार्थी होते. मला पाहून तो ‘या कविराज’ म्हणाला आणि भामाला पाहून, मीठ मागल्या दारी घेतात, असं. मी ती कोण ते सांगितलं. त्याला आनंद झाला. तो खरोखरच आनंद होता, हेच त्यातलं किळसवाणं. सापडायची नाही म्हणून सोडून दिलेली एखादी वस्तू अचानक हाती लागावी तसा तो तिच्याभोवती एकदा फिरला आणि तिला एकोणतीस नंबरच्या कपाटाशी घेऊन गेला.

काचेमागं तांबड्या मखमलीवर नऊ काठ्या होत्या. पोतनीसांनी गावोगाव फिरून जमवलेल्या. भामानं आपली लगेच ओळखली. एका टोकाला उंदरानं कुरतडल्याची खूण होती. काठीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातला होता, आणि ती घसरू नये म्हणून बरोबर मधोमध पितळी खिळा आरपार ठोकून मखमलीवर बसवली होती. भामा त्या खिळ्याकडं पाहत राहिली. मग तिचा डावा हात उजव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध गेला आणि तिथं थांबला.

‘मास्तर, हिच्याखाली काय लिवलंय?’

मी वाचून दाखवलं. ‘अनामिक स्थानिक स्त्रीच्या हाताचे माप.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे नाव माहीत नसलेली बाई.’

‘सायबानं वहीत लिवलं व्हतं नाव,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती, चुकीची दुरुस्ती होती. यादीत त्या जागी रेघ होती. मला विचारता आलं असतं, पुतण्याला वही उघडता आली असती. पण ‘अनामिक’ हा शब्द मला आवडला होता. तो लिहून झाल्यावर मी पाटी जरा लांब धरून पाहिलीही होती.

स्वयंपाकघराच्या दारात दोरी बांधलेली होती. पलीकडं ती खोली. ती चांगली होती, हे मला कबूल करायला हवं. बुटक्या बाईच्या हाताला बेतलेली फळी, तिच्या खांद्याशी येणारी खिडकी, वाकावं न लागता हात पोचेल असा कोनाडा. भामा दाराशी आली आणि तिचं सगळं अंग सैल झालं. स्वतःच्या घरात शिरताना माणूस जसं दाराकडं न बघता शिरतं तशी ती दोरीखालून आत गेली. पुतण्यानं तिला अडवलं नाही. उलट त्या दोन विद्यार्थ्यांना पुढं बोलावलं. आता तुम्हाला तत्त्व प्रत्यक्षच दिसेल, म्हणाला.

‘बाई, तशीच उभी राहा. हात वर कर. फळीला लाव.’

तिनं डावा हात उचलला.

‘तो नाही. उजवा.’

मी काही बोलणार तेवढ्यात भामानं डाव्या हातानं उजवा उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला. कोपर भिंतीला, बोटांची टोकं फळीच्या कडेला. एका दोऱ्याचाही फरक नव्हता. विद्यार्थ्यांपैकी एकानं टेप काढून लांबी घेतली, दुसऱ्यानं वहीत लिहिली. एकानं तिला हात जरा सरळ करायला सांगितलं. मी तिथं होतो. मी दोरीच्या अलीकडं उभा होतो आणि चष्मा पुसत होतो.

हात खाली घेऊन ती चुलीपुढं बसली. ओच्यातून काटक्या काढल्या, तांदूळ काढले, काड्यापेटी गुडघ्यात धरली. तेव्हा कुठं पुतण्याला ती काय करतेय ते कळलं. तो घाईनं पुढं झाला. इथं विस्तव करायची मनाई आहे, धूर होतो, राखेनं झुरळं होतात, म्हणूनच तर चूल आतून सिमेंटनं बुजवून घेतलीय. आणि पेटवायची गरजही नाही, ती रोज पेटतेच.

‘काशिराम, दाखव.’

काशिरामनं दाराजवळचं बटण दाबलं. चुलीच्या तोंडात तांबड्या कागदामागं दिवा लागला. आत कुठंतरी पत्र्याची एक चक्री फिरू लागली आणि कागदावरचा उजेड थरथरला. ज्वाळांसारखा. विद्यार्थ्यांना ते आवडलं.

भामानं डावा हात आत घातला. सिमेंट लागलं, कागद लागला. हात बाहेर काढून तिनं विचारलं,

‘रोज?’

‘रोज,’ पुतण्या म्हणाला. ‘दहा ते पाच.’

‘कोन पेटवतं?’

‘हा काय, काशिराम. पहिल्या दिवसापासून.’

काशिरामचा हात अजून बटणावर होता. कोन गावातही काठ्यांची रीत होती आणि त्याच्या आईची काठी होती. बारा वर्षांपूर्वी ती तिच्याबरोबर जळताना त्यानं पाहिली होती. एकोणतीस नंबरचं कपाट तो रोज पुसत होता. पण ही सिमेंटची, बटणाची वस्तू म्हणजे चूल, आणि कपाटातली एक काठी तिची, असं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता ते आलं. त्यानं हात बटणावरून काढला, कोटाला पुसला आणि बोटं उलटी-सुलटी करून पाहिली. त्याच्या घरी खाणारी सहा तोंडं होती आणि कमावणारे हात हे दोनच.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘मना म्हाईत नव्हतं.’

भामानं त्याच्या बोटांकडं पाहिलं. तिला हवं होतं ते हाताचं कारण तिच्या समोर होतं : चूल होती, ती परक्या हातानं पेटवली होती, आणि तो हातही होता. तिचा हात दिवा बसवायच्या चार महिने आधीच गेला होता, पण असल्या गोष्टी तारखा पाहून चालत नाहीत. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. काशिराम त्याच दिवशी ती नोकरी सोडून गेला असता आणि जन्मभर आपला हात पुन्हापुन्हा पाहत राहिला असता.

‘काशिराम, भिऊ नको,’ ती म्हणाली. ‘ही चूल नाय. नुसता दिवा हाय.’

तिनं तांदूळ वेचून पुन्हा ओच्यात घेतले. एका हातानं, एकेक दाणा, त्यामुळं वेळ लागला. ती चूल नाही म्हटल्यावर तिच्या हाताला काही कारण उरत नव्हतं आणि हात सुटायची वाटही उरत नव्हती. हे तिला माझ्या आधी कळलं होतं. दाणे वेचताना तिनं मान वर केली नाही. पुतण्या विद्यार्थ्यांना म्हणाला की बाई हुशार आहे. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तोवर आतून बादलीचा आवाज आला आणि पाठोपाठ फिनेलचा वास. ती जिथं बसली होती ती जागा काशिरामकडून पुसून घेत होते.

गाढी नदीच्या पात्राशी आम्ही वेगळे झालो. जाताना म्हणाली,

‘डाक्टर म्हनतो तसंच आसंल, मास्तर.’

त्यानंतर दोन वर्षं ती येत राहिली. डाव्या मुठीनं मीठ देताना आता तोंड फिरवत नसे. मूठ कमी पडली तर कमी, जास्त पडली तर जास्त. मातकट खडाही एखाद्या वेळी टोपलीत तसाच राहू लागला. मी एकदा तो बोटानं दाखवला, तर तिनं पाहिलं आणि टोपली उचलली.

त्रेसष्ट सालच्या थंडीत ती गेली. निरोप आला म्हणून मी करंजाड्याला गेलो. तिला बाहेर आणलं तेव्हा बुधाजीनं तिचा उजवा हात उचलून त्याखाली एक काठी ठेवली. जुनी, धुरानं काळी झालेली, एका टोकाला कुरतडलेली. मधोमध आरपार भोक होतं. आळीतल्या बायांनी काही विचारलं नाही. काशिराम लोकांपासून जरा बाजूला, कुंपणाला टेकून उभा होता. खाकी कोट नव्हता. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी मी संग्रहालयात गेलो. एकोणतीस नंबरच्या कपाटात नऊ काठ्या होत्या. भामाच्या जागी नवी, झाडूच्या दांड्यासारखी, तासलेलीही नीट नव्हती. आकडा घातलेला होता, पितळी खिळा होता. ती काठी चांगली दोन बोटं लांब होती. खाली पाटी तीच. पुण्याहून विद्यार्थ्यांची सहल आली होती आणि एक मुलगी काचेवर टेप धरून तिची लांबी घेत होती. ती तिनं वहीत लिहिली, दोनदा तपासली, पाटी उतरवून घेतली. मग मला विचारलं, अनामिक म्हणजे नाव कुणालाच माहीत नसलेली, असंच ना?

मी हो म्हणालो. पलीकडं स्वयंपाकघराच्या दारात काशिराम उभा होता. मुलं गोळा झाल्यावर त्यानं बटण दाबलं.